सहा वेळा सर्दी-खोकला, फाइलभर रिपोर्ट आणि ‘याची इम्युनिटी कमी आहे का?’

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्या आईवडिलांनाही कळेल आपण कशाबद्दल बोलतोय. मुलगा ३ वर्षं ४ महिन्यांचा, वजन १३.८ किलो. जूनमध्ये नर्सरीत घातला आणि ऑक्टोबर संपेपर्यंत सहा वेळा सर्दी-खोकला, त्यात तीनदा अँटिबायोटिक. शेवटच्या वेळी तीन दिवस ताप आला म्हणून रक्त तपासलं: पांढऱ्या पेशी १४,२००, सीआरपी (सूज किंवा इन्फेक्शन असलं की रक्तात वाढणारं प्रथिन) २२, मायकोप्लाझ्मा आयजीएम पॉझिटिव्ह, टोटल आयजीई ६४०, आणि एक्स-रेवर ‘मार्किंग्ज वाढलेत’ असं लिहून आलं. पहिले डॉक्टर म्हणाले इन्फेक्शन, दुसरे म्हणाले अ‍ॅलर्जी, तिसरे म्हणाले प्रायमरी कॉम्प्लेक्स, म्हणजे मुलांचा सुरुवातीचा टीबी, असू शकतो, मॅन्टू ही टीबीची त्वचेवरची टेस्ट करून घ्या. आणि सासूबाई म्हणतात याच्यात प्रतिकारशक्तीच नाही. तुम्ही विचारताय की या चौघांपैकी खरं कोण.

मी गेली बावीस वर्षं सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी लहान मुलांची ओपीडी चालवते आणि ही अशीच फाइल घेऊन आठवड्याला निदान दोन-तीन आया माझ्यासमोर बसतात. माझ्या मते खरा घोळ असा झालाय की त्या फाइलमधला जवळजवळ प्रत्येक कागद शरीराच्या प्रतिकाराची नोंद आहे, म्हणजे कधीतरी, कशाच्या तरी विरोधात शरीर लढलं याची खूण. ते कधी लढलं, आत्ताच्या खोकल्याशी त्याचा संबंध आहे का, आणि मूल आज धोक्यात आहे का, हे तो कागद सांगत नाही. आणि तुम्हाला उत्तर हवंय ते नेमकं या तीन गोष्टींचं.

एक गोष्ट आधीच सांगते. तुमचं मूल मी पाहिलेलं नाही, छातीला स्टेथोस्कोप लावलेला नाही, त्यामुळे त्याला अमुकच झालंय असं मी इथून सांगणार नाही. पूर्ण दिवसांचा जन्म होता का, जन्मल्यावर काचेच्या पेटीत होता का, हृदयाला काही दोष आहे का, लसी कुठवर झाल्यात, घरात कुणाला दमा किंवा टीबी आहे का, यातलं काहीही ‘हो’ असेल तर खालच्या गोष्टींचं वजन बदलतं. पण तुम्ही लिहिलंय की मधल्या दिवसांत तो छान खेळतो, जेवतो, वजन हळूहळू वाढतंय, आणि या एका वाक्यात मला त्या सगळ्या फाइलपेक्षा जास्त माहिती मिळाली.

आता सहा वेळा म्हणजे जास्त का? नर्सरीत नवीन गेलेल्या मुलाला वर्षात सहा ते आठ वेळा, कधी दहा-बारा वेळासुद्धा सर्दी-खोकला होणं हे ठरलेलंच असतं. एकेक सर्दी दहा-बारा दिवस चालते आणि खोकला तर कितीतरी मुलांत तीन आठवडे रेंगाळतो, म्हणजे एक संपायच्या आत दुसरी सुरू होते आणि आईला वाटतं हा जूनपासून आजारीच आहे. नुसत्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेहून जास्त प्रकार आहेत, एकाची ओळख शरीराला पटली म्हणून दुसऱ्याची पटत नाही. बाळ पोटात असताना आईकडून आयजीजी नावाच्या अँटिबॉडी, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, घेऊन येतं, त्या पहिल्या सहा महिन्यांत संपत जातात, आणि स्वतःचा साठा मोठ्यांच्या पातळीला यायला पाच-सहा वर्षं लागतात. मधला काळ हा शिकण्याचा काळ आहे. घरात एकटं वाढलेलं मूल हे शिक्षण तिसऱ्या वर्षी नर्सरीत घेतं आणि पाळणाघरात वाढलेलं पहिल्या वर्षी घेतं, एवढाच काय तो फरक. मोठं भावंड शाळेत जात असेल तर ते घरी आणून देतं.

आणि हिरव्या शेंबडाचं तुम्ही लिहिलंय, की शेंबूड हिरवा झाला म्हणून प्रत्येक वेळी अँटिबायोटिक सुरू झालं. तो हिरवा रंग बॅक्टेरियाचा नसतो हो. आपल्याच पांढऱ्या पेशी नाकात येऊन मरतात, त्यांच्यात एक हिरवट एन्झाइम असतं, त्याचा तो रंग. साध्या व्हायरल सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड घट्ट आणि हिरवा होतो आणि नंतर आपोआप पांढरा होतो. ताप, शेंबूड, मलूल होणं हे बरंचसं शरीराचं उत्तर आहे. दहा दिवस उलटूनही काहीच फरक नाही, किंवा बरं वाटत असताना पाचव्या-सहाव्या दिवशी ताप उलटून वर आला, तर मात्र मी सायनसचा, कानाचा, छातीचा वेगळा विचार करते.

मग मी निदान कशावरून करते? मूल आत आलं की मी फाइल हातात घेत नाही. आईला म्हणते मांडीवर घेऊन बसा, त्याचा शर्ट वर करा, आणि दोन मिनिटं काही बोलू नका. हातातलं घड्याळ बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, लहान मुलांचा श्वास एका लयीत नसतो, मध्येच थांबतो, मध्येच दोन भरभर घेतात, गुणाकारात चूक चौपट होते. रडताना मोजायचं नाही, ताप फणफणलेला असताना मोजलेलं धरायचं नाही, पॅरासिटामॉल देऊन ताप उतरला की परत मोजायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, हा वेगवान श्वास. तुमच्या मुलासाठी आकडा ४० लक्षात ठेवा.

मोजता मोजता बरगड्यांच्या खालची कड बघते. श्वास घेताना छाती बाहेर यायला हवी. न्यूमोनिया किंवा जोराचा दमा असेल तर बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो, पोट उडतं, नाकपुड्या फुलतात. आमच्या आज्या-पणज्या याला ‘डबा झालाय’ म्हणायच्या, त्यांच्याकडे यंत्र काही नव्हतं, पण बघत होत्या बरोबर त्याच जागी.

हे काही माझं शोधलेलं नाही. १९८० च्या दशकात पापुआ न्यू गिनीत फ्रँक शान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की एक्स-रे नसलेल्या ठिकाणी नुसता श्वास मोजून न्यूमोनियाची मुलं वेगळी काढता येतात, आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं तेच धोरण केलं. आणि आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं गावातल्या दायांना आणि आरोग्यदूतांना हेच शिकवलं. ज्या दायांना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मणी सरकवायचं साधं यंत्र आणि एक मिनिटाची वाळूची घडी बनवली. त्याचे निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले, तिथल्या मुलांचे न्यूमोनियाचे मृत्यू निम्म्यावर आले होते. मणी सरकवून जे निदान गडचिरोलीच्या पाड्यावर होऊ शकतं ते शहरातल्या एसी क्लिनिकमध्ये राहून जातं, कारण तिथे सगळ्यांचं लक्ष कागदाकडे असतं. याचं मला खरंच वाईट वाटतं.

एक प्रसंग सांगते. दीड वर्षाची मुलगी, तिच्या बाबांनी आल्या आल्या रिपोर्ट पुढे केला, सीआरपी ४, पेशी नॉर्मल, ‘मॅडम रिपोर्ट सगळे क्लिअर आहेत, फक्त सिरप द्या.’ पोरगी आईच्या खांद्यावर मान टाकून गप्प होती, रडत नव्हती, आणि त्या गप्प असण्याचीच मला भीती वाटली. फ्रॉक वर केला तर श्वास मिनिटाला ६४, बरगड्या ओढत होत्या, पायाच्या अंगठ्याला ऑक्सिमीटर लावला तर ऑक्सिजन ८८. रक्त आदल्या दिवशी सकाळी काढलेलं होतं. त्या वेळी ती बरी असेलही. सरळ ऑक्सिजन लावून अ‍ॅडमिट केली. सीआरपी लिव्हरमध्ये तयार होतं, वाढायला सहा-बारा तास लागतात, पूर्ण वर जायला दीड-दोन दिवस. लवकर काढलेलं रक्त तुम्हाला खोटा धीर देऊ शकतं.

आता तुमच्या मुलाचे कागद एकेक करून बघू.

पांढऱ्या पेशी १४,२००, शेजारी ठळक अक्षरात ‘हाय’. आमच्याकडच्या बऱ्याच लॅब मोठ्या माणसांची रेंज छापतात, ४,००० ते ११,०००. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाला साधारण १५,००० पर्यंत नॉर्मलच असतं. तसंच लिम्फोसाइट ५२ टक्के, त्यालाही ‘हाय’ छापलंय, पण चार-पाच वर्षांपर्यंत मुलांच्या रक्तात लिम्फोसाइटच जास्त असतात, ते तसंच असायला पाहिजे. म्हणजे या कागदावर घाबरण्यासारखं काहीही नाही.

सीआरपी २२. लॅबची मर्यादा ५ किंवा ६ असते म्हणून हा आकडा मोठा दिसतो. पण व्हायरल तापात २०-४० सहज जातं, आणि अ‍ॅडिनोव्हायरससारखे काही व्हायरस तर शंभरच्या वर नेतात, बॅक्टेरिया वाटावा असं. २२ वरून मी अँटिबायोटिक सुरूही करणार नाही आणि थांबवणारही नाही. मूल बघून जे ठरवलंय त्याला हा आकडा फारतर थोडासा टेकू देतो.

मायकोप्लाझ्मा आयजीएम पॉझिटिव्ह, यावर जरा थांबते, कारण हल्ली याच कागदावर सगळ्यात जास्त अ‍ॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक खपतं. मायकोप्लाझ्मा हा खरा जंतू आहे, न्यूमोनिया करतो, पण जास्त करून पाच वर्षांच्या पुढच्या शाळकरी मुलांत, हळूहळू वाढणारा कोरडा खोकला, ताप, डोकं दुखणं असा. आयजीएम म्हणजे ताजी अँटिबॉडी असं आपण शिकतो, पण मायकोप्लाझ्माची आयजीएम इन्फेक्शन संपल्यावर कित्येक महिने रक्तात राहते. त्यामुळे मेमध्ये होऊन गेलेल्या साध्या सर्दीची खूण ऑक्टोबरच्या कागदावर ‘पॉझिटिव्ह’ म्हणून येऊ शकते. आणि घशातून स्वॅब घेऊन पीसीआर, म्हणजे जंतूच शोधणारी टेस्ट, केली तरी प्रश्न सुटत नाही: नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी २०१३ साली छापलं की आजारी नसलेल्या मुलांतही साधारण पाचात एकाच्या घशात मायकोप्लाझ्मा सापडला, आजारी मुलांपेक्षा कमी नाही. तो तिथे नुसता बसलेला असतो. महागड्या रेस्पिरेटरी पॅनलचंही असंच, वीस जंतूंची यादी येते, त्यात दोन-तीन पॉझिटिव्ह येतात आणि खोकला त्यातल्या कुणाचा हे परत मूल बघूनच ठरवावं लागतं. हॉस्पिटलमध्ये गंभीर मूल असेल तर मी ती टेस्ट सांगते, ओपीडीत खेळणाऱ्या मुलाला सांगत नाही. घसादुखीसाठी जी एएसओ नावाची रक्ताची टेस्ट करतात तिचीही हीच गोष्ट, ती मागच्या काही आठवड्यांतल्या स्ट्रेप्टोकोकस या घशाच्या बॅक्टेरियाची आठवण आहे, आजच्या घशाचं निदान तिच्यावरून होत नाही.

एक्स-रेवरचं ‘मार्किंग्ज वाढलेत’ हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की आता रिपोर्ट उघडायच्या आधीच पाठ असतं. रडताना, श्वास सोडलेला असताना फोटो काढला की फुफ्फुसं दाटलेली दिसतात आणि मार्किंग्ज वाढतात. साध्या व्हायरल खोकल्यातही तसंच दिसतं. छोट्या बाळांत तर छातीच्या वरच्या भागात थायमस ग्रंथी असते, प्रतिकारशक्तीच्या पेशींची शाळाच ती, तिची सावली बघून न्यूमोनिया म्हणून इंजेक्शनं घेतलेली बाळं माझ्याकडे आलीत. जे मूल घरी पाठवता येतंय, ऑक्सिजन चांगला आहे, त्याला न्यूमोनियाचं निदान करायलासुद्धा एक्स-रे लागत नाही. मी एक्स-रे काढते ते मूल अ‍ॅडमिट करण्याइतकं आजारी असेल तर, दोन-तीन दिवस औषध देऊन उतार नसेल तर, किंवा एकाच जागेचं दुखणं परत परत येत असेल तर.

शेवटच्या वाक्यामागे एक मुलगा आहे. अडीच वर्षांचा, चार महिन्यांत तीनदा ‘न्यूमोनिया’, तिन्ही फोटो शेजारी शेजारी लावले तर डाग दरवेळी उजवीकडे खालीच. इम्युनिटी कमी असेल तर आजार सगळीकडे फिरतो, एकाच खोलीत मुक्काम करत नाही. आईला विचारलं, कधी काही खाताना ठसका लागला होता का? तिला आठवलं, संक्रांतीला कूट करताना पाटाजवळ बसला होता, एकदम जोरात खोकला आला, काळानिळा झाला आणि मग थांबला, म्हणून विसरून गेले. दुर्बिणीतून अर्धा शेंगदाणा निघाला. तेव्हापासून चार वर्षांच्या आत अख्खे शेंगदाणे, फुटाणे नकोत हे मी प्रत्येक आईला सांगते.

आता आयजीई ६४०, म्हणजे दुसऱ्या डॉक्टरांची अ‍ॅलर्जी. टोटल आयजीई अ‍ॅलर्जीत वाढतं हे खरं, पण जंतांमुळे वाढतं, अंगावर खाजरा एक्झिमा असेल तर वाढतं, आणि आपल्याकडच्या मुलांत असा आकडा येणं काही विशेष नाही. उलट आयजीई नॉर्मल असूनही दमा असतो. बाळदम्याचं निदान मी प्रश्न विचारून करते. सर्दी नसतानाही पहाटे खोकला येतो का, धावलं-हसलं-रडलं की ढास लागते का, छातीतून शिट्टीसारखा आवाज डॉक्टरांनी स्वतः ऐकलाय का, नेब्युलायझर किंवा पंप दिला की अर्ध्या तासात फरक दिसतो का, आईवडिलांपैकी कुणाला दमा-शिंका-एक्झिमा आहे का. तुमच्या मजकुरात फक्त ‘सर्दी झाली की दोनदा घरघर झाली’ एवढं आहे. या वयात व्हायरसनं होणारी घरघर खूप मुलांना होते आणि बऱ्याच जणांची सहाव्या वर्षापर्यंत जाते. ती दमा आहे की नाही हे आजच ठरत नाही, दोन-तीन वेळा बघून ठरतं, आणि असं थांबून बघणं हेही निदानच आहे. पण ठरलंच तर पंप आणि मास्क लावलेला स्पेसर (पंपाला जोडायची नळी) याला घाबरू नका, सवय वगैरे काही लागत नाही.

आणि कुणी ‘फूड इनटॉलरन्स पॅनल’ सुचवलं तर पैसे घालवू नका. त्यात शंभर पदार्थांची आयजीजी तपासतात. पदार्थ खाल्ला की त्याची आयजीजी तयार होणं हे शरीराचं साधं काम आहे, त्याचा अर्थ एवढाच की मूल ते खातं. त्या कागदावरून दूध, अंडी, गहू बंद केलेली आणि वजन उतरलेली मुलं मी बघितलीत.

प्रायमरी कॉम्प्लेक्सचं म्हणाल, तर हा शब्द आपल्याकडे फार पसरलाय आणि यात दोन्ही बाजूंनी नुकसान होतं, नसलेल्या टीबीला सहा महिने औषधं आणि असलेला टीबी खोकला म्हणून सोडून दिला जाणं. टीबीचा खोकला येऊन-जाऊन नसतो. दोन आठवड्यांच्या पुढे सलग, वाढत जाणारा, सोबत रेंगाळणारा ताप, वजन उतरणं किंवा महिनोन्महिने न वाढणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरात किंवा शेजारी टीबीचा माणूस. मॅन्टूही परत प्रतिकारशक्तीचीच आठवण मोजते, की शरीराला टीबीचा जंतू ओळखीचा आहे का. ४८ ते ७२ तासांत डॉक्टरांनी स्वतः हात लावून कडक गाठ मोजायची असते, लाली नाही, आणि १० मिमी आली तरी त्याचा अर्थ जंतूशी गाठ पडली एवढाच, आजार आहे असं नाही. आजार ठरवायला जंतू शोधायचा असतो. लहान मुलं बेडका काढत नाहीत, म्हणून सकाळी उपाशीपोटी नळीनं जठरातलं पाणी घेऊन सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या टीबीचा जंतू शोधणाऱ्या यंत्रांवर तपासतात. हे ट्रूनॅट गोव्यात बनलेलं आहे, आज कितीतरी सरकारी दवाखान्यांत असतं आणि टीबीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात फुकट होतं. रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबी सांगणाऱ्या टेस्टवर तर सरकारनं २०१२ मध्येच बंदी घातली, कारण त्या चुकीचं सांगतात. तुमच्या घरात टीबीचा कुणी नसेल आणि वजन वाढत असेल तर मी आज मॅन्टू करणार नाही. असेल तर मात्र मुलगा ठणठणीत दिसत असला तरी उद्याच घेऊन जा.

आता सासूबाईंची शंका. ती मी उडवून लावणार नाही, कारण खरोखर प्रतिकारशक्ती कमी असलेली मुलं असतात आणि त्यांना ओळखायला उशीर होतो तो याच कारणानं, की ‘होतंच हो मुलांना’ म्हणून सगळे समजूत घालतात. मी स्वतः एका मुलाला दोन वर्षं असंच समजावत राहिले. चार वर्षांचा होता, दोनदा मोठा न्यूमोनिया, दोन्ही वेळा सलाइनमधून औषधं, कान सारखे वाहायचे. तिसऱ्या वेळी आला तेव्हा घशात टॉर्च मारला आणि काहीतरी खटकलं, परत मारला. टॉन्सिलच नव्हते. या वयात दोन्ही बाजूंना भरघोस टॉन्सिल दिसतात, इथे नुसत्या गुळगुळीत कमानी. रक्तात आयजीजी जवळजवळ शून्य निघालं. अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशीच नव्हत्या. हा आजार १९५२ साली अमेरिकन लष्करातले डॉक्टर ऑग्डन ब्रुटन यांनी एका आठ वर्षांच्या मुलात पहिल्यांदा ओळखला. पुढच्या तपासण्यांसाठी त्याला मुंबईला परळच्या केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत पाठवलं. आता त्याला दर महिन्याला इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडी, मिळतं, शाळेत जातो, मागच्या वर्षी एकदाही अ‍ॅडमिट झाला नाही. ती दोन वर्षं मात्र मला अजून टोचतात, कारण घसा मी आधीही बघितला होता, टॉन्सिल सुजलेत का एवढंच शोधत होते, आहेत का हे बघितलं नव्हतं.

तेव्हा मी इम्युनिटीची तपासणी कधी सांगते? वर्षात दोन न्यूमोनिया, खरे, श्वास वाढलेले. वर्षात चार किंवा जास्त वेळा कान फुटणं. त्वचेत किंवा आतल्या अवयवांत परत परत मोठे गळू. वर्षाच्या पुढे तोंडात न जाणारा पांढरा बुरा. दोन-दोन महिने अँटिबायोटिक देऊनही उतार नाही, वजन वाढतच नाही, किंवा घरात लहानपणी इन्फेक्शननं दगावलेलं भावंड किंवा मामा. मामा मुद्दाम म्हटलं, कारण यातले काही आजार आईकडून मुलग्यांत येतात. तुमच्या मुलाच्या सहा सर्दींपैकी एकही अशी नाही, एकदाही अ‍ॅडमिट व्हावं लागलेलं नाही. आणि तरी कुणी आयजीजी-आयजीए तपासलंच तर वयाप्रमाणे रेंज लावली आहे ना हे विचारा, नाहीतर लहान मुलाचा नॉर्मल आयजीएसुद्धा ‘लो’ छापून येतो. चार वर्षांच्या आत आयजीए कमी म्हणून शिक्का मारायचाच नसतो.

इम्युनिटी वाढवणाऱ्या सिरपचं विचारलंय. मी लिहून देत नाही. त्यापेक्षा लसीचं कार्ड काढा. न्यूमोकोकल या न्यूमोनियाच्या जंतूची लस सरकारी लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्यानं आली, तुमच्या मुलाला मिळालेली असेल, डोस पूर्ण आहेत का बघा. फ्लूची लस पाच वर्षांपर्यंत दरवर्षी, शक्यतो पावसाळ्याच्या आधी. घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर ती घराबाहेर, आणि मुलाच्या खोलीत रात्रभर मच्छर कॉइल नको. धूप-उदबत्तीचंही तेच. आणि खोकल्याचं सिरप पाच वर्षांच्या आत शक्यतो नकोच. २०२५ मध्ये छिंदवाड्याकडची मुलं विषारी सिरप पोटात गेल्यामुळे किडन्या बंद पडून नागपूरला आणली गेली आणि त्यातली कितीतरी गेली, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. एक वर्षाच्या पुढच्या मुलाला झोपताना अर्धा-एक चमचा मध खोकल्याला चांगला काम करतो, वर्षाच्या आत मात्र मध अजिबात नाही.

मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं ते सांगते. एक वही घ्या, त्यात प्रत्येक आजाराची तारीख, ताप किती दिवस, घरघर होती का, औषध कुठलं, आणि मधले बरे दिवस किती. हे बरे दिवस लिहायचे राहतात आणि तेच महत्त्वाचे असतात. महिन्यातून एकदा त्याच काट्यावर वजन. पुढच्या वेळी घरघर झाली की शर्ट वर करून, उजेडात, एक मिनिटाचा व्हिडिओ काढा, झोपेत असेल तर उत्तम. दवाखान्यात येईपर्यंत घरघर थांबलेली असते आणि डॉक्टरांना काहीच ऐकू येत नाही, अशा वेळी हा व्हिडिओ मला दहा रिपोर्टांपेक्षा कामाचा वाटतो. आणि डॉक्टर एकच धरा. तीन डॉक्टरांनी एकेकदा बघण्यापेक्षा एकानं तीनदा बघितलं तर निदान लवकर होतं, हे मी स्वतःच्या फायद्यासाठी म्हणत नाहीये, मी तुमच्यापासून लांब आहे.

ताबडतोब, रात्री दोन वाजले असले तरी, दवाखाना गाठायचा तो अशा वेळी: शांत असताना श्वास ४० किंवा जास्त, बरगड्या ओढल्या जाणं, प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज, ओठ-जीभ निळसर, पाणीही न पिणं, झटका येणं, किंवा हाक मारली तरी नीट न बघणं. घरी ऑक्सिमीटर असेल आणि ९४ च्या खाली दाखवत असेल तरीही, मात्र मोठ्यांची क्लिप छोट्या बोटावर नीट बसत नाही, म्हणून पायाचा अंगठा गरम करून परत बघा. पण श्वास ओढत असेल तर आकड्याची वाट बघत बसू नका. घरात तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर त्याला नुसता ताप आला तरी दाखवायचं.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न, की सोमवारी नर्सरीत पाठवू का, का हे वर्ष घरीच ठेवू. घरी ठेवलात तर ही सगळी सर्दी पुढच्या वर्षी होईल, एवढंच. ताप जाऊन एक पूर्ण दिवस झाला असेल आणि खेळत असेल तर पाठवा. नाक वाहत असलं, थोडा खोकला असला तरी चालेल. डब्यात साधं जेवण द्या आणि घरी आला की आधी हात धुवायची सवय लावा. परत घरघर झाली तर व्हिडिओ काढून इथे सांगा, मी बघेन.